भाव चढला की दार उघडतं

1936च्या डिसेंबरात खान्देशातल्या यावल तालुक्यात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे मान्य झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात एक मागणी अशी होती, की जी जमीन कसणाऱ्याला परवडत नाही तिच्यावर खंड आणि सारा माफ असावा. न परवडणारं शेत हा त्या एका कुटुंबाचा दोष नाही, हे खान्देशच्या मातीत इतक्या लवकर बोललं गेलं होतं. त्यानंतर शेत लहानच होत गेलं. कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात 1970-71 मध्ये सरासरी धारणा 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टर झाली. म्हणजे सव्वातीन एकर, आणि जळगाव-धुळ्यात तीही बहुतेक ठिकाणी कोरडवाहू.

या सव्वातीन एकरांत पैसा येतो तो मुख्यतः कपाशीतून, आणि जातोही तिच्यातूनच. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वर्षभराचा सालदार ठरतो. मृगाच्या आधी बियाणं आणि खत उधारीवर घरात येतं. पुढे निंदणी, फवारण्या, आणि किलोमागे मजुरी मोजून वेचणी. 2017च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीवरचा भरवसा मोडला, तेव्हापासून फवारणीचा खर्च वाढला तो कमी झालेला नाही. दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला पहिला कापूस घरात येतो तेव्हा तो ओला असतो आणि देणेकरी दारात उभा असतो. हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी सीसीआयच्या केंद्रावर पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्यापर्यंतच. त्यापुढे कपात, आणि 12 टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. ज्याच्याकडे वाळवायला जागा आणि थांबायला पैसा आहे, हमीभाव त्याच्या उपयोगाचा. बाकीच्यांसाठी खेडा खरेदी आहे: व्यापारी काटा घेऊन गावात येतो, रोख मोजतो, भाव तोच सांगतो.

हमीभावाचा हिशेबही नीट पाहिला पाहिजे. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला 7710 रुपये जाहीर झाले. सरकारने धरलेल्या 5140 रुपये खर्चाची ही बरोबर दीडपट. पण त्या खर्चात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांची मजुरी एवढंच आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्थिर भांडवलावरचं व्याज त्यात नाही. स्वामिनाथन आयोगाची शिफारस ते सगळं धरून दीडपटीची समजली जाते, आणि शेतकरी संघटना गेली कित्येक वर्षं तेच मागत आहेत.

हा अपुरा भावही टिकू दिला जात नाही, हे मला सर्वांत जास्त खटकतं. 2021-22 मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला. कित्येक वर्षांनी शेतकऱ्याच्या हातात चार पैसे आले, आणि एप्रिल 2022 मध्ये आयातीवरचं 11 टक्के शुल्क उठवलं गेलं. 2025 मध्ये तर भाव चढलेलाही नव्हता. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, कापड उद्योग अडचणीत आला, म्हणून 19 ऑगस्टपासून कापसावरचं आयातशुल्क पुन्हा माफ झालं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. खान्देशातला कापूस बाजारात येतो ते हेच महिने. कापड गिरण्यांना आणि तिथल्या कामगारांना आधार द्यायलाच हवा. पण तो सरकारी तिजोरीतून द्यावा, सव्वातीन एकरवाल्याच्या भावातून नव्हे.

तुरीची गोष्ट वेगळी नाही. 2015 मध्ये तूरडाळ किलोला दोनशेपर्यंत गेली, शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, 2016-17 मध्ये उत्पादन भरघोस आलं आणि भाव क्विंटलला 5050च्या हमीभावाखाली कोसळला. 2025च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद, मसूर चार वर्षं हवी तेवढी खरेदी करण्याचं आश्वासन मिळालं. त्याच वर्षी तुरीची शुल्कमुक्त आयात मार्च 2026 पर्यंत वाढवली गेली. जळगाव हे डाळमिलचं मोठं केंद्र आहे. आफ्रिकेतली किंवा म्यानमारमधली तूर परवडली, तर मिलवाला शेजारच्या गावातली का घेईल? धुळ्यातल्या साक्रीकडच्या कांदेवाल्यांनी निर्यातबंदी डिसेंबर 2023 ते मे 2024 अशी सोसली. त्यावर अधिक लिहायला नको.

धोरणाचा दुसरा, मला अधिक दुःखद वाटणारा भाग ताटातला आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला दादर ज्वारी येते. भाकरी माणसाला, कडबा बैलाला. उडीद मिसळून दळलं की कळण्याची भाकरी, आणि ज्वारीचेच बिबडे. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य किलोला एक रुपयाने देण्याची तरतूद होती. 2023 पासून रेशनचं धान्य मोफतही झालं. पण केंद्राच्या कोठारात जातो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. दोन वेळचं धान्य फुकट मिळतं ही गरिबाच्या घरी मोठी गोष्ट आहे, ती कमी लेखता येणार नाही. मात्र त्याच घराने पेरलेल्या दादरला सरकार हे भरवशाचं गिऱ्हाईक मिळालं नाही. संकरित ज्वारीचा 2025-26 मधला 3699 रुपयांचा हमीभाव जिथे खरेदी केंद्र नाही तिथे कागदावरच राहिला, आणि दादरच्या जागी कपाशी येते. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षीच्या प्रदर्शनांऐवजी तालुक्यातालुक्याला ज्वारीचं केंद्र उघडून तेच धान्य तिथल्याच रेशन दुकानात गेलं असतं, तर वाहतूक वाचली असती आणि पेराही वाढला असता.

गावचा माल सरकारी ताटात नेता येतो याचा एक दाखला मिळाला होता. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, आणि जी मुलं ते खात नाहीत त्यांना केळं किंवा स्थानिक फळ द्यायचं ठरवलं. रावेर-यावलच्या केळीला हमीभाव नाही. घड तयार झाला की चार दिवसही थांबता येत नाही, त्यामुळे व्यापारी बोलेल तो भाव. शाळेची मागणी लहान असली तरी नेमाची असते. जानेवारी 2025 मध्ये राज्याने त्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांना लोकसहभागातून खर्च करायला सांगितलं. लोकसहभाग म्हणजे त्याच गावातले सव्वातीन एकरवाले. त्यांच्याकडून वर्गणी मागण्याऐवजी त्यांची केळी विकत घ्यावी.