अंटार्क्टिकाच्या तिकिटात उशुआयाचा वाटा किती?

अंटार्क्टिकाला निघालेला प्रवासी काही लाख रुपये मोजून येतो. त्यातला मोठा भाग जहाज कंपनीकडे जातो आणि ती बहुधा परदेशी असते. मग अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआयाला काय मिळतं? अंटार्क्टिक द्वीपकल्प इथून सुमारे 1000 किलोमीटर, ड्रेक सामुद्रधुनीतून दोन दिवसांवर. म्हणून तिकडची बहुतेक प्रवासी जहाजं इथूनच सुटतात.

हा हिशेब धक्क्यावर उभं राहिलं की कळतो. सकाळी जहाज लागतं आणि न्याहारी उरकून जुने प्रवासी उतरतात. मग कचरा खाली, इंधन वर. दीड-दोन आठवड्यांची भाजी, फळं, अंडी चढवायची, खोल्या आवरायच्या. संध्याकाळी नवी माणसं घेऊन जहाज निघालंसुद्धा! तेवढ्या तासांत बंदराचं शुल्क, एजंटाचं कमिशन, हमाली, ट्रक-टॅक्सीचं भाडं एवढं शहरात राहतं. चढणारा माल मात्र बराचसा बाहेरूनच आलेला असतो.

माझ्या मते शहराची खरी कमाई त्याआधीच्या रात्रीत आहे. ब्वेनोस आयर्सचं विमान रखडलं म्हणून जहाज कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे कंपन्याच आदल्या दिवशी पोचायला बजावतात. ती रात्र हॉटेलची. मग जेवणात सेंतोया हा तिथला मोठा खेकडा, राहून गेलेली वॉटरप्रूफ पँट भाड्याने, आणि 1947 साली बंद झालेल्या तुरुंगातल्या संग्रहालयाचं तिकीट.

गंमत म्हणजे निर्बंधही शहराच्या पथ्यावर पडतात. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी 100 पर्यंतच प्रवासी उतरवता येतात आणि 500 हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला कुणालाच उतरवता येत नाही. त्यामुळे लहान जहाजांच्या फेऱ्या वाढतात आणि तेवढ्या मुक्कामाच्या रात्रीही. अजस्र जहाजं सहसा दुसरीकडून निघतात; त्यांचे प्रवासी इथे दिवसभर हिंडतात आणि झोपायला जहाजावर परततात.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. एवढ्यावर वर्ष निघत नाही; हिवाळ्यात स्कीइंग असतं, आणि 1972 च्या करसवलतीच्या कायद्यामुळे आलेले इलेक्ट्रॉनिक्सचे कारखानेही आहेत. शिवाय चिलीतलं पुंता अरेनास स्पर्धेत आहेच. तिथून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून पुढे जहाज धरता येतं, ड्रेकमधलं हेलकावणं टळतं. पण हवा बिघडली की विमान उडत नाही, आणि प्रवाशांचा मुक्काम वाढतो तो पुंता अरेनासच्या हॉटेलांत.