चित्र आणि वाणी : विज्ञानशिक्षणातील दृश्य माध्यमाचा भाषिक विचार

वाराणसीसमोर गंगेच्या पूर्वतीरावर वसलेल्या रामनगरात दरवर्षी सुमारे महिनाभर रामलीला चालते. तेथे ध्वनिवर्धक वा विजेचे दिवे वापरले जात नाहीत. रामायणी अवधीतील ‘रामचरितमानस’ गातात; गायन थांबले की प्रेक्षकांना सावध केले जाते आणि पात्रे तोच प्रसंग हिंदी संवादांतून उभा करतात. भोवतालच्या लोकांची घरची बोली भोजपुरी आहे. दृश्य एकच, परंतु ते उमगण्यासाठी संहिता, संवाद आणि बोली असे भाषेचे तीन स्तर एकत्र येतात. दृश्य स्वतः होऊन बोलत नाही, हे या परंपरेत गृहीतच आहे. अल्प उत्पन्न गटांतील मुलांना दृश्य तंत्रज्ञानाद्वारे माध्यमिक स्तरावरील विज्ञान शिकवताना मात्र हेच तत्त्व सहज दृष्टीआड होते.

भारतात दृश्यशिक्षणाचा व्यापक प्रयोग १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या उपग्रहीय दूरदर्शन उपक्रमाने झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत त्याचे कार्यक्रम पोहोचले. सकाळचे प्रसारण शाळकरी मुलांसाठी असे. पुण्यात १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली व २०१७ मध्ये ती बंद झाली. २०२० मध्ये ‘पीएम ई-विद्या’ योजनेतून इयत्तावार वाहिन्यांची कल्पना पुढे आली. पडदा मुलापर्यंत नेण्याचा तांत्रिक प्रश्न अशा रीतीने टप्प्याटप्प्याने हाताळला गेला. पडद्यावरील दृश्य मूल कोणत्या भाषेत वाचते, हा प्रश्न त्याहून अवघड आहे.

प्रकाशविषयक पाठातील भिंगाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हिंदी पाठ्यपुस्तकात ‘उत्तल’ आणि ‘अवतल’ लेन्स येते. मराठी पाठ्यपुस्तकात ‘बहिर्गोल’ आणि ‘अंतर्गोल’ भिंग. मराठी संज्ञांत आकाराचे चित्रच सामावलेले आहे. हिंदी संज्ञांतील भेद ‘उत्’ आणि ‘अव’ या उपसर्गांवर उभा आहे व संस्कृतची ओळख नसलेल्या मुलाला तो केवळ पाठ करावा लागतो. अर्थात ‘अपवर्तनांक’ दोन्ही भाषांत सारखाच दुर्बोध आहे. त्यामुळे एकच चलच्चित्र दाखवले तरी रामनगरातील आणि साताऱ्यातील विद्यार्थ्याला त्याचा समान बोध होईलच, असे मानता येत नाही.

चित्रालाही स्वतःचे व्याकरण असते. किरणाकृतीतील बाणांच्या रेषा हवेत कोठेही दिसत नाहीत. तो एक संकेत आहे. पेशीच्या आकृतीतील रंग बहुधा ओळखीपुरते दिलेले असतात. अणूची आकृती खऱ्या प्रमाणात काढली, तर केंद्रक दिसणारही नाही. ज्या घरात पुस्तके, नकाशे व आकृत्या हाताशी असतात, तेथील मुलाला हे संकेत नकळत अवगत होतात. इतरांना ते शिकवावे लागतात. ते न शिकवल्यास विषमता कमी करण्यासाठी आणलेले साधनच तिला हातभार लावते.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिका शाळांतील वंचित विद्यार्थ्यांबरोबर काम केले. विज्ञानाच्या आकलनात भाषा हाच मोठा अडथळा ठरतो आणि भाषा सुलभ केल्यास तो कमी होतो, हे त्यातून पुढे आले. बरेलीत जन्मलेल्या व पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेल्या अरविंद गुप्ता यांचे लघुपट याच विचाराला दृश्य रूप देतात. टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी करण्याच्या त्या चित्रफितींत भर असतो तो काम करणाऱ्या हातांवर. त्यामुळे निवेदन दुसऱ्या भाषेत नेणे सुकर होते. त्या अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. शिवाय पाहिलेली वस्तू मूल स्वतः करून पाहू शकते. पाहणे कृतीत उतरते तेव्हा संकेताचा अर्थ हाताला कळतो.

म्हणून अशा वर्गात पडद्याइतकेच महत्त्व चित्र थांबवण्याला आहे. त्या विरामात शिक्षक मुलांच्या बोलीत विचारतो, मुले उत्तरे देतात आणि मगच पाठ्यपुस्तकातील संज्ञा उच्चारली जाते. रामनगरच्या लीलेत गायन थांबते तेव्हाच संवाद सुरू होतो. दृश्य आणि संहिता यांना जोडणारी ही मधली वाणी अनुवादाचेच कार्य करते. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला विज्ञानाच्या वर्गात लक्ष घालण्याचे प्रयोजन आहे, ते याच ठिकाणी.