आठ फुटांच्या छताखाली गाडी किती उचलायची?

शहरातल्या बंगल्याखाली किंवा रो-हाउसला गाडीसाठी सोडलेली जागा बहुधा दहा बाय अठरा फुटांच्या आसपास असते. वर स्लॅब, स्लॅबखाली उतरलेला एखादा बीम, आणि एका भिंतीला इन्व्हर्टर नाहीतर जुनी सायकल. एवढ्या जागेत घरच्या घरी ऑइल बदलावं, ब्रेक पॅड टाकावेत, पावसाळ्यानंतर खालचा गंज बघावा, असं वाटणाऱ्यांना कधी ना कधी लिफ्टची ओढ लागते. जॅक लावून पाठीवर सरपटत काम करण्याची हौस फार वर्षं टिकत नाही. लिफ्टना बाजारात तोटा नाही, पण त्यातल्या बहुतेक वर्कशॉपच्या मापाने बनवलेल्या असतात, आणि वर्कशॉपला उंच पत्र्याचं छत असतं. म्हणून घरासाठी मशीन निवडायच्या आधी जागा तपासायची. वर किती मोकळं आहे, रुंदी किती आहे आणि पायाखाली काय आहे, या तीन प्रश्नांत निम्म्याहून अधिक लिफ्ट आपोआप बाद होतात.

उंची मोजताना टेप स्लॅबला लावू नका, बीमच्या तळाला लावा. स्लॅब नऊ फुटांवर असला तरी बीम आठावर असू शकतो. पंख्याचा रॉड, ट्यूबलाइट आणि शटर गुंडाळून बसतं तो ड्रम, हेही त्याच उंचीतून वजा होतात. पंखा काढता येतो, बीम काढता येत नाही.

आता हिशोब. स्विफ्टसारखी गाडी साधारण १.५२ मीटर उंच आहे. लिफ्ट तिला चाकांवर धरत नाही. दाराखाली पत्र्याची जी दुमडलेली कड असते, तिथल्या जॅक पॉइंटवर धरते. ही कड जमिनीपासून सुमारे २० सेंटीमीटरवर असते. म्हणजे पॉइंटच्या वर गाडीचं १.३२ मीटर अंग उरतं. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. त्यातून १.३२ गेले आणि टपाच्या वर १० सेंटीमीटर मोकळे सोडले, तर गाडीचा पोटाकडचा भाग जमिनीपासून जेमतेम एक मीटर वर जातो. चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसून काम करायला ही उंची छान आहे. उभं राहून काम करायचं तर पोट पावणेदोन मीटरवर हवं, आणि मग छत साडेदहा फुटांवर लागतं. इनोव्हा क्रिस्टा जवळजवळ १.८ मीटर उंच आहे, तिच्यासाठी सव्वाअकरा फूट धरा. शिवाय बॉनेट उघडं ठेवून गाडी वर न्यायची असेल तर उघड्या बॉनेटची उंची वेगळी मोजा. मागचं दार वर उघडणाऱ्या हॅचबॅकचा मालक एकदा तरी ते दार बीमवर आपटतोच.

हा हिशोब एकदा कागदावर मांडला की दोन खांबांच्या लिफ्टचा मोह आवरता येतो. गॅरेजमध्ये आपण जी नेहमी बघतो तीच ही लिफ्ट. दोन्ही बाजूंना खांब, प्रत्येक खांबाला दोन हात, हातांच्या टोकाला रबरी पॅड. चारही चाकं मोकळी लोंबतात, खालचा सगळा भाग उघडा मिळतो. कामासाठी याहून चांगली रचना नाही, हे मान्य. पण वरून जोडपट्टी असलेल्या मॉडेलला साडेअकरा-बारा फूट उंची लागते. बुटक्या छतासाठी जमिनीवर आडवी पट्टी असलेलं मॉडेल निघतं, त्याचे खांबही नऊ-साडेनऊ फुटांचे असतात. आणि रुंदी? बाहेरून बाहेर बहुतेकांची ३.३ ते ३.५ मीटर, म्हणजे अकरा फुटांच्या आसपास. दहा फुटी जागेत ती शिरतच नाही. शिरली तरी दार उघडून ड्रायव्हरने उतरायचं कुठून, हा प्रश्न राहतोच.

खरी अडचण मात्र जमिनीत आहे, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी खांबांच्या मधोमध, हातांच्या टोकाला लटकते. दीड टनाची गाडी असेल तर प्रत्येक खांबाच्या वाट्याला पाऊण टन येतं, तेही खांबापासून साठ-सत्तर सेंटीमीटर लांब. त्यामुळे दोन्ही खांब सतत गाडीकडे झुकू पाहतात, आणि त्यांना रोखून धरतात तळपट्टीच्या मागच्या बाजूचे अँकर बोल्ट. त्या बोल्टांवर शेकडो किलोंची, काही वेळा टनाच्या घरातली, उपसून काढणारी ओढ येते. बोल्ट पोलादी असतो, तो सहसा तुटत नाही. त्याच्या भोवतीचं काँक्रीट निघून येतं.

आपल्याकडच्या पार्किंगमध्ये खाली असतं काय? मुरमाची भरणी, तिच्यावर तीन-चार इंचांचा कोबा, आणि वर शहाबादी फरशी, चेकर्ड टाइल किंवा पेव्हर ब्लॉक. गाडी उभी करायला हे पुरतं, खांब रोवायला नाही. फरशीवर हातोडीने टिचक्या मारून बघा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. परदेशी उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत किमान चार इंच जाडीचं आणि ३००० पीएसआय ताकदीचं काँक्रीट मागितलेलं असतं. आपल्या भाषेत एम-२५ ग्रेड धरावा. चार इंच हा अगदी किमान आकडा आहे. नवीन ओतायचंच असेल तर सहा इंच आणि जाळी घाला. फरशी उखडून खांबांच्या जागी आरसीसीचे चौथरे ओतणं हा रुळलेला उपाय आहे, पण त्याचं माप गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. उत्पादकाचं ड्रॉइंग आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची नजर, दोन्ही हवीत. काँक्रीट २८ दिवस पिकू द्या, मगच ड्रिल लावा. भेग किंवा कडेपासून बोल्ट किमान सहा इंच आत असू द्या.

पार्किंगला पाणी वाहून जायला मुद्दाम दिलेला उतारही इथे आडवा येतो. खांब ओळंब्यात उभे राहायला हवेत. थोडा फरक तळपट्टीखाली पोलादी चकत्या सरकवून भरून काढता येतो. पाणसळ धरल्यावर फरक दोन बोटांइतका दिसला तर मात्र जमीनच नव्याने करावी लागेल.

एवढं सगळं ऐकून पुष्कळांना जुना खड्डा आठवतो. एसटीच्या डेपोत असतो तसा, पायऱ्या उतरून गाडीखाली जायचा. छताची अट नाही, वीज नाही, खर्च बेताचा. तरी घरात मी तो सुचवणार नाही. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात, त्या खड्ड्यात उतरून साचतात, आणि तिथे हातदिव्याची एक ठिणगी पुरते. कोकणात तर आषाढात खड्ड्याची विहीर होते. घरात लहान मुलं असतील तर विषयच संपला.

चार खांबांची लिफ्ट वेगळ्या स्वभावाची आहे. गाडी दोन लांब पट्ट्यांवर स्वतःच्या चाकांवर उभी राहते, पट्ट्या चारही कोपऱ्यांतून पोलादी दोरांनी उचलल्या जातात. वजन सरळ खाली उतरतं, कलंडवणारा जोर जवळजवळ नसतो, म्हणून कित्येक घरगुती मॉडेल बोल्टशिवायही उभी राहतात आणि काहींना सरकवायला चाकंही मिळतात. घरगुती मापाचा बाहेरचा विस्तार नऊ फुटांच्या आसपास असतो, म्हणजे दहा फुटांत दाटीवाटीने बसते. लांबीला पट्ट्या आणि चढायचे उतार धरले की अठरा फूट संपतात, तेव्हा उतार काढून ठेवता येणारं मॉडेल बघावं. हिचा खरा उपयोग एका जागेत दोन गाड्या ठेवण्याचा. खाली क्रेटा १.६४ मीटर, वर स्विफ्ट १.५२, पट्टीची जाडी आणि थोडी मोकळीक मिळून १५ ते २५ सेंटीमीटर, बेरीज ३.४ मीटरच्या घरात, म्हणजे पुन्हा सव्वाअकरा फूट. वरच्या गाडीचं ऑइल खालच्या टपावर गळू नये म्हणून मध्ये ट्रे लावायचा. दुरुस्तीसाठी मात्र ही थोडी अडचणीची, कारण चाकं पट्टीवर टेकलेली असतात. चाक काढायचं तर पट्ट्यांच्या मध्ये सरकणारा वेगळा जॅक घ्यावा लागतो.

मग आठ-नऊ फुटांवाल्याने काय करायचं? त्याच्यासाठी कात्री लिफ्ट आहे, आणि तिच्यावर मी थोडा जास्त वेळ घालवणार आहे, कारण घरगुती ग्राहकाला ती सहसा कुणी आपणहून दाखवत नाही. दुमडल्यावर ती चार-साडेचार इंचांची होऊन जमिनीला चिकटते. गाडी तिच्यावरून सरळ आत येते, रुंदीला एक इंचही जास्त लागत नाही. दोन फळ्यांवर रबरी ठोकळे ठेवून ते जॅक पॉइंटखाली आणायचे आणि बटण दाबायचं. मध्यम उंचीची मॉडेल गाडीला मीटर-सव्वा मीटर वर नेतात, आणि आपल्या आठ फुटांच्या हिशोबात त्यातली मीटरभर उंची वापरता येते. ब्रेक, सस्पेन्शन, टायरची अदलाबदल, ऑइल, सगळं आरामात होतं.

ती चालते कशी ते समजून घेतलं तर तिचे दोष आधीच ओळखता येतात. कात्रीचे पाय जवळजवळ आडवे असताना सिलिंडरला सर्वाधिक जोर लावावा लागतो, पाय उभे होत जातात तसा जोर कमी होतो. म्हणून सुरुवातीला मोटर कण्हते, ते बिघाडाचं लक्षण नाही. पण जड गाडी असेल तर क्षमतेचा आकडा काठोकाठ घेऊ नका. १.८ टनाच्या क्रिस्टाला तीन टनाची लिफ्ट जास्त होत नाही. दुसरा मुद्दा मधल्या जागेचा. काही मॉडेलमध्ये दोन्ही फळ्यांना जोडणारी चौकट मधोमध येते आणि गिअरबॉक्स, सायलेन्सर झाकले जातात. दोन फळ्या पूर्ण स्वतंत्र असलेलं मॉडेल मागा. काही छोट्या, उचलून ठेवता येणाऱ्या मॉडेलमध्ये फळी कमानीत वर जाते, त्यामुळे गाडी उचलताना हातभर पुढे किंवा मागे सरकते. समोर भिंत असेल तर ते अंतर आधी सोडा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर जपून. बॅटरी मजल्याखाली असते, आणि फळी किंवा ठोकळा बॅटरीच्या पेटीला टेकता कामा नये. थार, स्कॉर्पिओ क्लासिकसारख्या चेसिसवर बांधलेल्या गाड्यांना दाराखालच्या कडेवर उचलायचं नसतं, चेसिसच्या पट्टीवर उचलायचं. जॅक पॉइंटचं चित्र गाडीच्या पुस्तिकेत असतं.

लिफ्ट कुठलीही असो, तिला दोन आधार असतात: तेलाचा आणि लोखंडाचा. वर जाताना जो टक-टक आवाज येतो तो लोखंडी खिट्ट्यांचा, दर काही इंचांवर खिट्टी खाचेवरून पुढे जाते. हवी ती उंची गाठली की काम संपलेलं नसतं. लिव्हर दाबून गाडी किंचित खाली सोडायची, सगळ्या खिट्ट्या खाचांत बसल्याचं डोळ्यांनी बघायचं, मगच खाली शिरायचं. सील गळलं, पाइप फुटला, तरी गाडी लोखंडावर थांबते. त्याआधी, चाकं जमिनीपासून वीतभर सुटली की थांबून गाडीला बंपरवर हात ठेवून हलवायची. डुलली तर उतरवून पॅड पुन्हा लावायचे. आणि इंजिन उतरवणार असाल तर आधीच मागच्या बाजूला उंच स्टँड द्या, कारण पुढचं वजन गेलं की गाडी मागे कलते.

खिट्ट्यांवर बसलेली गाडी उतरवायची तर आधी तिला थोडं वर उचलावं लागतं, आणि त्याला वीज लागते. भारनियमनाच्या दिवशी गाडी वर आणि तुम्ही रिक्षात, असं होऊ शकतं. हातपंपाची सोय आहे का ते विचारा. घरगुती लिफ्टची दोन एचपीची सिंगल फेज मोटर मिळते, थ्री फेजच्या मागे लागायची गरज नाही. फक्त तिला स्वतंत्र एमसीबी आणि नीट अर्थिंग द्या, वॉशिंग मशीनच्या प्लगमध्ये खुपसू नका.

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली गृहनिर्माण संस्था या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्ट पार्किंग हा सामाईक जागेचा भाग ठरवला, आणि बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही असं सांगितलं. तेव्हा तिथे आपल्या मर्जीने भोक पाडता येणार नाही. शिवाय नव्या टॉवरांच्या पोडियमचे स्लॅब पुष्कळदा पोस्ट-टेन्शन पद्धतीचे असतात. त्यातल्या ताणलेल्या तारेला ड्रिल लागलं तर अपघात जीवघेणा ठरू शकतो. तिथे समितीची परवानगी घेऊन उचलून ठेवता येणारी बुटकी लिफ्ट वापरा, दुसरं काही नको.

माझा कौल असा: दहा फुटांच्या आत छत असेल तर मध्यम उंचीची कात्री, साडेअकराच्या वर उंची आणि दोन गाड्या असतील तर चार खांबी, दोन खांबी फक्त त्याने घ्यावी, ज्याच्याकडे बारा फूट उंची, बारा फूट रुंदी आणि स्वतः ओतून घेतलेलं काँक्रीट आहे. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून त्या मॉडेलचं फाउंडेशन ड्रॉइंग आणि दुमडलेल्या-उघडलेल्या दोन्ही स्थितींची मापं लेखी मागा. जो ती देऊ शकत नाही, त्याच्याकडून लिफ्ट घेऊ नका.