काकूंचा दुसरा डबा

समता कॉलोनीतल्या आमच्या शेजारच्या काकू तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला घालतात. "वर्ष झालं, एक सोंडा दिसला नाही. करून पाहिलंय मी!" असं त्या ठासून सांगतात. छत्तीसगड म्हणजे धानाचा कटोरा. इथे तांदळाला कीड लागणं ही थट्टेवारी न्यायची गोष्ट नव्हे. काकू चुकताहेत असंही मला म्हणायचं नाही. कडुलिंबात अझाडिरॅक्टिनसारखी, किड्यांना न मानवणारी द्रव्यं असतातच. पण 'करून पाहिलं' आणि 'प्रयोग केला' यांत एका डब्याचा फरक आहे. पाला घातलेला डबा काकूंकडे आहे, न घातलेला नाही.

गैरसमज 1: करून पाहिलं, गुण आला, म्हणजे सिद्ध झालं.

वस्तुस्थिती: गुण कशाने आला, ते एवढ्यावरून कळत नाही. सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. किडका दाणाही वरून धडच दिसतो. काकूंच्या पोत्यात मुळात अंडीच नसतील. तांदूळ कडक उन्हात वाळवलेला असेल, नाहीतर डब्याचं झाकण घट्ट असेल. म्हणून 'पाला घातल्यावर काय झालं' याच्या जोडीला 'घातला नसता तर काय झालं असतं' हेही विचारावं लागतं. त्याचं उत्तर देण्यासाठी ठेवलेला दुसरा डबा म्हणजे नियंत्रण गट.

गैरसमज 2: आधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहिले की पुरे.

वस्तुस्थिती: ते का पुरत नाही, याचं उत्तम उदाहरण आपल्या सीमेला लागूनच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांतल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जन्मताच श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, वेळ पडली तर इंजेक्शन कसं द्यायचं, हे सगळं त्यात आलं. 1993-95 मध्ये तिथे हजार जन्मांमागे 62 बाळं पहिल्या 28 दिवसांत दगावत होती. हे काम सुरू होऊन तिसऱ्या वर्षी तो आकडा 25.5 वर आला.

एवढंच सांगितलं असतं, तर कोणीही म्हणालं असतं की रस्ते सुधारले, पीकपाणी बरं झालं, सरकारी योजना पोचल्या. बाळं त्यामुळे वाचली. पण बंगांनी शेजारच्या 47 गावांतलेही जन्ममृत्यू त्याच काळात नोंदवले होते. पीकपाणी आणि योजना त्या गावांनाही होत्या. तिथला आकडा मात्र 57.7 वरून 59.6 झाला, म्हणजे होता तिथेच राहिला. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले, तेव्हा त्यांचं वजन या 47 गावांमुळे होतं.

गैरसमज 3: नियंत्रण गट म्हणजे वाऱ्यावर सोडलेली माणसं.

वस्तुस्थिती: त्या 47 गावांत नेहमीच्या सरकारी आरोग्यसेवा चालूच होत्या. नियंत्रण गटाला मिळत नाही ती फक्त तपासायची असलेली नवी गोष्ट, आणि ती उपयोगी आहे की नाही हे तोवर कोणालाच ठाऊक नसतं. उपयोग दिसल्यावर ती सगळ्यांपर्यंत न्यायची असते. 2011 पासून सरकारने घरच्या घरी नवजात काळजीचं हे काम देशभरातल्या 'आशा' आरोग्यसेविकांकडे सोपवलं. आपल्याकडे त्यांना मितानिन म्हणतात.

गैरसमज 4: हाताला येतील तसे गट पाडले की झाली निष्पक्ष वाटणी.

वस्तुस्थिती: हाताला आधी येतो तो वरचा, बरा दिसणारा डबा. मन नकळत कौल देतं. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या. रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने गेल्या शतकात शेतीच्या प्रयोगांतून ही शिस्त रुजवली. गडचिरोलीतली गावं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. त्यामुळे सुरुवातीचे आकडे, 62 आणि 57.7, जवळजवळचे आहेत हे दाखवणं भाग होतं. तरी शंकेला जागा उरतेच. ती भरून काढण्यासाठी इतरांनी, इतरत्र पडताळा घ्यायचा असतो. उत्तर प्रदेशात शिवगढला आणि बांगलादेशात सिल्हेटला अशाच धर्तीच्या कामाची तपासणी झाली, तीही चिठ्ठ्यांच्या पद्धतीने गट पाडून. 2008 मध्ये निष्कर्ष आले: नवजात बाळांच्या मृत्यूंत घट अनुक्रमे 54 आणि 34 टक्के. आकडे वेगळे, पण दोन्हीकडे मृत्यू घटले.

गैरसमज 5: मोजणारा प्रामाणिक असला की बाकी काही नको.

वस्तुस्थिती: प्रामाणिक डोळ्यांनाही हवं तेच आधी दिसतं. म्हणून ओळख लपवून तपासायचं. पुण्यात जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. कोणती पत्रिका कोणाची, हे ज्योतिष्यांना कळणार नाही अशी व्यवस्था केली. प्रत्येकाला 40 पत्रिका देऊन हुशार मुलाची कोणती, मतिमंद मुलाची कोणती, ते ओळखायला सांगितलं. 27 जणांची उत्तरं आली, त्यांतली 46 टक्के बरोबर निघाली. छापा-काटा करूनही निम्मी बरोबर आलीच असती.

गैरसमज 6: एकाचा जरी नेम लागला, तरी त्यात तथ्य असणारच.

वस्तुस्थिती: त्या चाचणीत सर्वांत वरचा ज्योतिषी 40 पैकी 24 वर होता. ऐकायला बरं वाटतं. पण 27 माणसांनी नुसतं नाणं उडवलं, तरी त्यांतल्या तीन-चार जणांना 24 किंवा जास्त गुण मिळतील. एकट्याचा विक्रम पाहायचा नसतो, सगळ्यांचा हिशेब पाहायचा असतो. आणि 'फरक दिसला नाही' हेही उत्तरच असतं. प्रयोग फसला असा त्याचा अर्थ होत नाही.

हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी दुबराज तांदळाचं एकच पोतं नीट कालवून सहा सारख्या डब्यांत भरलं. कोणत्या तिघांत पाला जायचा, ते नातवाने चिठ्ठ्या काढून ठरवलं. दिवाळीला प्रत्येक डब्यातून वाटीभर तांदूळ पाला काढून माझ्याकडे येणार, सोबत फक्त डब्याचा क्रमांक. सोंडे मी मोजायचे. 'कीड लागली' म्हणजे वाटीत किती सोंडे, हेही आधीच लिहून ठेवलंय, नंतर पळवाट नको म्हणून.

काकूंची एकच तक्रार आहे. बिनपाल्याच्या तीन डब्यांना खरंच कीड लागली, तर तो तांदूळ निवडायचा कोणी? मी कबूल झालोय.