जुन्या संगणकांची ओळख – भाग ६ : रिकाम्या यंत्रात एडिटर उतरवताना

मागच्या भागात आपण चुंबकी कड्यांची मेमरी पाहिली. आज त्या मेमरीत लिहिण्याचे साधन, म्हणजे टेक्स्ट एडिटर, कसे पोहोचत असे ते पाहू.

गडचांदूरमध्ये किल्न, म्हणजे सिमेंटची भट्टी, काय असते हे कुणाला सांगावे लागत नाही. थंड पडलेल्या किल्नमध्ये एकदम कोळसा सोडत नाहीत. आधी तेलाच्या बर्नरने ती हळूहळू तापवतात, मग कोळसा सुरू करतात. १९६५ साली अमेरिकेच्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीने बाजारात आणलेला पीडीपी-८ हा मिनी संगणकही असाच पायरीपायरीने कामाला लागे. त्याची किंमत होती १८ हजार डॉलर आणि मेमरी ४०९६ शब्दांची. एक शब्द बारा बिटांचा. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६९ साली तयार झालेला टीडीसी-१२ हाही बारा बिटांचाच. त्याच्या नावातला ‘टी’ ट्रॉम्बेचा. पुढे त्याचे उत्पादन हैदराबादच्या ईसीआयएलने केले.

पीडीपी-८ ची कळ दाबून वीज दिली, की दिवे लागत. पण पडद्यावर काही उमटायला पडदाच नसे. समोर बारा स्विचांची एक रांग आणि शेजारी टेलिटाइप, म्हणजे कागदी फीत वाचणारे आणि पाडणारे टंकयंत्र. फीत कशी वाचायची हेसुद्धा यंत्राला ठाऊक नसे. ते माणसाने बोटांनी शिकवायचे.

स्विच तीन-तीनच्या चार गटांत वाचले जात. एका गटातून ० ते ७ पैकी एक आकडा निघतो, म्हणून सगळा हिशेब अष्टमान पद्धतीचा. स्विचांवर ७७५६ हा पत्ता लावून ‘लोड ॲड्रेस’ दाबायचे. मग ६०३२ लावून ‘डिपॉझिट’. पत्ता आपोआप एकाने पुढे सरकतो. पुढचा आकडा ६०३१, पुन्हा ‘डिपॉझिट’. अशा सोळा सूचना भरल्या, की रिम लोडर तयार. त्याला एकच काम येते : टेलिटाइपवरच्या कागदी फितीतली भोके वाचायची आणि प्रत्येक शब्द त्याच्या पत्त्यावर ठेवायचा.

मग एडिटरची फीत लगेच का लावत नाहीत? कारण रिमला प्रत्येक शब्दासोबत त्याचा पत्ताही लागतो. एका शब्दासाठी फितीच्या चार ओळी खर्च होतात, आणि चूक झाली तर ती कळत नाही. म्हणून रिमकडून आधी थोडा हुशार असा बिन लोडर आणवायचा. बिनला सुरुवातीचा पत्ता एकदा सांगितला की पुरे. पुढचे शब्द तो ओळीने भरतो, दोन ओळींत एक शब्द. शेवटी बेरीज ताळून पाहतो. थांबल्यावर ॲक्युम्युलेटरचे, म्हणजे हिशेबाचा निकाल ठेवणाऱ्या जागेचे, सगळे दिवे विझलेले असले, तर फीत बरोबर वाचली गेली. एखादा जरी पेटलेला दिसला, तर फीत पुन्हा पहिल्यापासून.

आता एडिटरची पाळी. फीत रीडरमध्ये बसवायची, स्विचांवर ७७७७, ‘लोड ॲड्रेस’, ‘स्टार्ट’. टेलिटाइप सेकंदाला दहा ओळी वाचतो, म्हणजे हजार शब्दांच्या प्रोग्रॅमला दोनशे सेकंद. फीत संपली, दिवे तपासले, की ०२०० लावून पुन्हा ‘लोड ॲड्रेस’ आणि ‘स्टार्ट’. टेलिटाइपचा गाडा कागदाच्या डाव्या कडेला येतो. एडिटर आज्ञेची वाट पाहतो आहे.

आज्ञा एकेका अक्षराच्या. ‘ए’ म्हणजे मजकूर जोडा, ‘एल’ म्हणजे छापून दाखवा, ‘डी’ म्हणजे खोडा. ‘३,५एल’ दिले, की तिसरी ते पाचवी ओळ कागदावर येते. भलतेच काही टंकले तर एडिटर फक्त प्रश्नचिन्ह छापतो. ‘पी’ दिल्यावर तर यंत्रच थांबते : तुम्ही टेलिटाइपचा पंच चालू करायचा आणि ‘कंटिन्यू’ दाबायचे, मग मजकुराची नवी फीत बाहेर पडते. फाइल जतन करणे म्हणतात ते हेच.

हा खटाटोप रोज सकाळी करावा लागत नसे. चुंबकी कड्या वीज गेली तरी आपला मजकूर विसरत नाहीत. रिम आणि बिन दोन्ही मेमरीच्या अगदी शेवटच्या १२८ शब्दांत मावत, त्यामुळे आपल्या प्रोग्रॅमने त्या जागेला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले की काम भागे. चुकार प्रोग्रॅमने तिथे काही लिहिले, तर मात्र पुन्हा स्विच आणि सोळा आकडे. हे आकडे अनेकांना तोंडपाठ असत.

आज बूट हा शब्द आपण सहज वापरतो, पण संगणक सुरू होताना आत घडते ते हेच. छोटा प्रोग्रॅम मोठ्याला आणतो, मोठा त्याहून मोठ्याला. फरक इतकाच, की पहिली पायरी आता कारखान्यातच चिपमध्ये कोरलेली असते. ती स्वतः चढून पाहायची असेल, तर बॉब सुपनिक यांनी सुरू केलेला सिमएच हा सिम्युलेटर साध्या लॅपटॉपवर फुकट चालतो. त्यात तयार लोडर मिळतो. तो बाजूला ठेवून ७७५६ पासून हाताने भरून पाहा.

पुढच्या भागात : एडिटरने काढलेली फीत असेम्बलरला दोनदा का वाचावी लागते?