दूध आईचे, ऊब बापाचीही!

रात्रपाळीहून आलेला बाप तान्ह्या बाळाला हौसेने उचलतो. बाळ रडू लागते. ‘भुकेलं असेल, द्या इकडे,’ असे आजी म्हणते आणि बाळ पुन्हा आईच्या पदराखाली जाते. असे चार-सहा वेळा झाले की बाप ठरवतो, ‘जरा मोठे झाले की बघू.’ इथेच चूक होते.

बाळ अंगावर पिते म्हणून बापाने दूर राहायचे कारण नाही. जवळीक साधण्यासाठी बाटलीने दूध पाजण्याचीही गरज नाही. पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाटली लावली की बाळ अंगावर कमी ओढते आणि कमी ओढले की दूधही कमी येते. डब्याच्या दुधाचा खर्च वेगळाच.

मग बापाने काय करावे?

कामावरून आल्यावर हातपाय स्वच्छ धुवावेत, सदरा काढावा आणि लंगोट बांधलेल्या बाळाला उघड्या छातीशी धरावे. वरून दुपटे पांघरावे. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना अशीच ऊब देण्यास सुरुवात केली. तिला ‘कांगारू पद्धत’ म्हणतात. ती बापालाही जमते. मात्र डोळा लागत असेल तर बाळाला खाली उताणे निजवावे. विडी-तंबाखू घेऊन तर बाळाजवळ जाऊच नये.

बाळाचे पिणे झाले की खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, लंगोट बदलणे, रात्री बाळाला उचलून आईजवळ देणे, तिला पाण्याचा तांब्या नि गरम जेवण देणे, ही सारी बापाची कामे. पोटात असल्यापासून बाळाला आवाज ऐकू येतात. तेव्हा रोज एखादे भीमगीत गा, बुद्धवंदना म्हणा. कोणी मध-घुटी चाटवू लागले तर ‘नको’ म्हणण्याचे धाडसही बापानेच करावे. बाळंतीण माहेरी असेल तर सुट्टीच्या दिवशी तिकडे जा, पण जावई म्हणून चहा पिऊन परतू नका. बाळाला मांडीवर घ्या.

१९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी आईची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याचे मांडले. जी गोष्ट राष्ट्राच्या हिताची, ती घरातल्या पुरुषाने कशी टाळावी? केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९९७ पासून १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. रोजंदारीवरच्या, कंत्राटावरच्या आपल्या बांधवांना अशी रजा नाही. ती मागितलीच पाहिजे. पण ती मिळेपर्यंत बाळ थांबणार नाही.

म्हणून बंधूंनो, रोज अर्धा तास काढा. पहिल्या दिवशी बाळ रडेल, दुसऱ्या दिवशीही रडेल. लगेच परत देऊ नका. ते भुकेले नसेल तर थोडे फिरवा, थोपटा, गुणगुणा. हळूहळू ते तुमच्या खांद्यावरही शांत झोपू लागेल.

जय भीम!