खुणांनाही व्याकरण असते

कर्णबधिरांची सांकेतिक भाषा जगभर एकच असावी, असे अनेकांना वाटते. तसे नाही. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी चालते, पण तिथल्या कर्णबधिरांना एकमेकांच्या खुणा सहजी कळत नाहीत. अमेरिकेत हार्टफर्डला १८१७ मध्ये शाळा निघाली, तिथे लॉरेंट क्लर्क हा फ्रेंच कर्णबधिर शिक्षक शिकवीत असे. म्हणून अमेरिकी खुणांची सोयरिक फ्रान्सशी. मुळाक्षरेही तिथे एका हाताने दाखवतात, ब्रिटन आणि भारतात दोन्ही हातांनी.

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे मराठी-हिंदीची हातांनी केलेली नक्कल नव्हे. ‘कोण’, ‘कुठे’, ‘किती’ यांसाठी तिच्यात प्रश्नाची मुळात एकच खूण पुरते. चेहऱ्याच्या खुणेनंतर ती केली की ‘कोण’, जागेच्या खुणेनंतर केली की ‘कुठे’. प्रश्न आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात. मिशीला पीळ दिला की पुरुष, नाकपुडीला बोट लावले की बाई. चमकी या भाषेत अशी जाऊन बसली आहे! शहरागणिक शब्द थोडेफार बदलतात, व्याकरण फारसे नाही. भाषाशास्त्रज्ञ उल्रिके झेशान यांना कराची आणि दिल्लीच्या खुणांतही एकच व्याकरण आढळले.

ही भाषा घडते ती कर्णबधिर माणसे एकत्र आल्यावर. धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात घरात एकटेच कर्णबधिर मूल असेल, तर भाकरी, पाणी, बैल यांच्या खुणा घरचेच ठरवतात आणि त्या उंबऱ्याबाहेर फारशा चालत नाहीत. निवासी शाळेत बरोबरीची मुले भेटली की चित्र पालटते. निकाराग्वात १९७० च्या दशकाअखेर हेच घडले: शाळेत जमलेल्या मुलांनी घरगुती खुणांतून नवी भाषा उभी केली, आणि पाठून आलेल्या धाकट्यांनी तिचे व्याकरण पक्के केले.

शाळांनी मात्र खुणांच्या भाषेला फार काळ थारा दिला नाही. कर्णबधिरांच्या शिक्षणावर मिलानला १८८० मध्ये भरलेल्या परिषदेने तोंडी बोलण्याच्या शिक्षणाचा आग्रह धरला आणि वर्गातून खुणा हद्दपार झाल्या. हा निर्णय घेणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. मुलांनी खुणा वसतिगृहात आणि मैदानावर जपल्या. भारतात सांकेतिक भाषेसाठीचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये आले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द जमले. त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फुकट पाहता येतात, त्यामुळे सुट्टीला घरी आलेल्या मुलाच्या खुणा आईबापांनाही शिकता येतात.